चाकाच्या दातावरचं कुंकू

फार जुनी गोष्ट. एका डोंगराळ राज्यात एकच मोटार होती, आणि दसऱ्याला राजा तिच्यातूनच सीमोल्लंघनाला जात असे.

एका दसऱ्याला मोटार वेशीच्या अलीकडेच खोकून थांबली. राजा पायी वेस ओलांडून गेला आणि मोटारखान्याच्या मिस्त्रीला म्हणाला, "पुढच्या वर्षी असं झालं, तर किल्ल्या दुसऱ्याच्या हाती जातील."

वर्षभरात मिस्त्रीचं लग्न झालं. बायको अबोल होती. पण अबोल माणसाला ऐकू जास्त येतं. दसऱ्याच्या आदल्या सकाळी ती म्हणाली, "अहो, मोटारीच्या पोटात बांगड्यांसारखं काहीतरी वाजतंय."

मिस्त्रीने झाकण काढलं. आत दोन दातेरी चाकं आणि त्यांना जोडणारी साखळी. खालचं चाक दट्ट्यांच्या तालावर फिरे, वरचं झडपा उघडी-मिटी. ताल चुकला, की दट्ट्या झडपेवर आदळायचा. साखळी झिजून सैल पडली होती. घरात नवी होती.

"तुझा करंडा आण," तो म्हणाला. साखळी ज्या दातांवर बसायची, तिथे त्यांनी खुणेला कुंकवाचे ठिपके दिले. चाकं काढून फळीवर मांडली आणि दोघं जेवायला गेली.

परत येतात तो सासूबाई तबक घेऊन उभ्या. खंडेनवमी होती, अवजारं पुजायचा दिवस. कोयत्यापासून पान्यापर्यंत सगळं पुजून झालं होतं.

"एकही दात सोडला नाही हो मी," त्या समाधानाने म्हणाल्या.

दोन्ही चाकं हळदकुंकवाने माखली होती. सुनेने नुसती मान डोलावली. इतक्या मनापासून केलेल्या पूजेला नावं कशी ठेवायची?

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "आठवतंय मला. इथंच होतं. बसवतो आणि चालू करतो."

"आधी हाताने फिरवून बघू या."

"उद्या सीमोल्लंघन, आणि तू हाताने फिरवत बस."

"बसते," ती म्हणाली.

साखळी चढली. तिने इंजिन फिरवायचं हँडल धरलं. ते अर्धं फिरलं आणि आत काहीतरी अडलं. तिने जोर केला नाही. तोच जोर इंजिनाने केला असता, तर झडप वाकली असती. मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं आणि साखळी उतरवायला पाना उचलला.

मग त्यांनी लांबचा रस्ता धरला. दट्ट्या पार वर कधी येतो ते कळावं म्हणून इंजिनाच्या वरच्या भोकातून त्यावर काडी टेकवली. तो हँडल फिरवी, ती काडीकडे बघे. "अजून. अजून थोडं. हां, आली वर." झडपा मिटतील असं वरचं चाक जुळवलं, साखळी चढवली. पुन्हा अडलं. पुन्हा उतरवली, एक दात सरकवली. उन्हं कलली तेव्हा हँडल लोण्यासारखं फिरलं.

"आता आवळ बाबा घट्ट," सासूबाई लेकाला म्हणाल्या. "परत सैल पडायला नको."

सुनेने साखळी बोटाने दाबून पाहिली. "आई, सैल असली की खडखडते, पण फार आवळली की तुटते. थोडी जागा ठेवावी लागते."

सासूबाईंनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं.

झाकण लावण्याआधी मिस्त्रीने दोन्ही चाकांवर छिन्नीने खुणेची एकेक खाच पाडली. सून म्हणाली, "आई, आता कुंकू इथं लावा." सासूबाईंनी बोट टेकलं, नेमकं तिथं, आणि तेवढंच.

दसऱ्याला राजाची मोटार वेस ओलांडून गेली आणि सोनं लुटून परतही आली. किल्ल्या मिस्त्रीच्या कमरेलाच राहिल्या.

तात्पर्य: खूण हरवली, तर अंदाजावर जोर लावू नये, आधी हलक्या हाताने फिरवून पाहावं.