उंडीच्या तेलाचे सात हात

“मग मेस्त्री, कोरू का आता नाव?”

धाकू परबाने तिसऱ्यांदा विचारलं. गुणाजी मेस्त्री मांडीवरची बंदूक उलटीपालटी करून बघत होते.

ठासणीची बंदूक. नळी, घोडा, चाप, सगळं कारखान्यातून परवान्यावर सुटं आलेलं. सोबत अर्धवट तासलेला लाकडी दस्ता. जोडायचं ज्याचं त्याने.

धाकूने वर्षभर मेस्त्रींच्या पडवीत बसून ती जोडली. आणि नुसती जोडून गप्प बसेल तर तो धाकू कसला! दस्त्यावर वेल कोरला, वेलावर पाखरं बसवली, पितळेची पट्टी ठोकली. वर उंडीच्या तेलाचे सात हात चोपडले. तिच्यात बघून भांग पाडावा, अशी चकाकत होती.

मेस्त्रींचा रिवाज एकच. बंदूक त्यांच्यासमोर उडवायची. त्यांनी ‘कोर’ म्हणायचं. मगच जोडणाऱ्याने दस्त्यावर आपलं नाव घालायचं. त्या एका शब्दासाठी धाकूने वर्षभर शिव्या खाल्ल्या होत्या. हल्ली सगळ्यांना नाव आधी लागतं, काम मागाहून. धाकूने निदान काम तरी केलं होतं.

“पाखरं बरी आहेत,” मेस्त्री म्हणाले.

“नुसती बरी?”

“उडून जात नाहीत, म्हणून बरी.”

धाकूला हसू आलं नाही.

“चल मळ्यात,” मेस्त्री उठले.

भात कापून झालं होतं. समोर उंच बांध, बांधाला टेकवलेली फुटकी घागर. आसपास चिटपाखरू नाही.

“आधी दारू न भरता नुसती केप फोड,” मेस्त्री म्हणाले. “नळीच्या तोंडाशी वाळकं पान ठेव. पान हललं, की समजायचं आतली वाट मोकळी आहे.”

“अहो मेस्त्री, काळं पडेल ना सगळं! पितळ कालच चिंचेने घासलंय. वाट मोकळीच आहे. मीच जोडलीय.”

“तूच जोडलीस.”

“मग!”

मेस्त्री दोन पावलं त्याच्या जवळ सरकले.

धाकूने दारू ओतली. गोळी बसवली. गजाने ठासली. घोड्याखाली केपेची ठिणगी देणारी टोपी चढवली, दस्ता खांद्याला लावला, नेम धरला आणि चाप ओढला.

टक्.

केप फुटली. बार नाही. घागर होती तिथेच.

धाकूचं तोंड एवढंसं झालं. “केपाच भिकार! त्या दुकानदाराने ओलसर माल गळ्यात मारला माझ्या...”

बडबडत त्याने बंदूक खाली घेतली आणि आत काय अडलंय ते बघायला नळी स्वतःकडे वळवू लागला.

मेस्त्रींचा पंजा नळीवर पडला. सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर कुठून आला, देव जाणे. नळी पुन्हा बांधाकडे वळली.

“सोडा मेस्त्री. बघू तर द्या.”

“थांब.”

“अहो, गार पडलीय ती.”

“थांब म्हटलं ना, मेल्या!”

थांबला.

...

बांधापलीकडून एक टिटवी ओरडत गेली.

...

धडाड!

बांधाची माती उडाली. धूर दोघांच्या अंगावर आला. निवळला तेव्हा मेस्त्रींच्या मनगटावरचे केस जळून गेलेले, करंगळी काळीठिक्कर.

धाकूला कोणी काही सांगावं लागलं नाही. केपेखालच्या बारीक भोकाशी तेल फसफसत होतं. सात हातांतलं तेल झिरपून तिथे बसलं होतं. ठिणगी त्यात अडकली, धुमसत राहिली आणि सावकाश आत दारूपर्यंत गेली.

त्याने डोळ्यांसमोर हात धरला. पाच बोटं दिसली. पुन्हा मोजली. पाच. पलीकडे कापलेल्या भाताची खुंटं दिसत होती, एकेक वेगळं. घरी लेकीला दोन दात आले होते. ते दिसणार होते.

त्याने मेस्त्रींचे पाय धरले.

“मेस्त्री, हे डोळे तुम्ही दिलेले. आता कोरीन तर तुमचंच नाव कोरीन.”

“नाव राहू दे. भोक साफ कर.”

धाकू रडता रडता हसला. मळ्याच्या पाटात पंचा भिजवून त्याने मेस्त्रींच्या हाताला गुंडाळला. गुंडाळून झाला तरी हात सोडवेना.

“मेस्त्री...”

“आता काय?”

“तुम्हाला ठाऊक होतं? उडणार म्हणून?”

“नाही.”

“मग नळी का धरलीत?”

मेस्त्रींनी बांधात पडलेल्या खड्ड्याकडे पाहिलं.

“ठाऊक नव्हतं, म्हणून.”