डावी पाकळी

“पण पहिल्या नंबरचं कॉलेज कोणतं, तेवढंच सांगा ना बुवा. बाकीचं ज्ञान मला नको.”

धाकू गुरवांनी पखवाजाच्या तोंडावर कणीक थापली आणि अंगठ्याने कडेकडेने दाबली. देवळाची पूजा त्यांच्याकडे, भजनाची तालीमही त्यांच्याकडे. अख्खी वाडी त्यांना बुवाच म्हणे. माधू त्यांचा सगळ्यात उतावळा चेला. सम यायच्या आधीच थाप मारणारा.

“मी चौथी नापास माणूस,” बुवा म्हणाले. “मला कॉलेजातलं काय कळतं?”

“म्हणून तर देवाला विचारा म्हणतोय. कौल लावा.”

माधूची धाकटी बहीण वैजू पायरीवर बसली होती. मांडीवर पेजेचा डबा. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत तिने असे मार्क काढले होते, की मोठ्या शहरातलं नावाजलेलं कॉलेजही तिला सहज मिळालं असतं. कुठलं हवं ते उद्यापर्यंत कळवायचं होतं. आणि तिला विचारावं तर ती एकच म्हणे, “इथलंच बरं.”

इथलं म्हणजे तालुक्याच्या दवाखान्याला लागून असलेली नर्सिंगची शाळा.

त्याच दवाखान्यात गेल्या महिन्यात त्यांचा थोरला भाऊ गेला होता. भाई. शिमग्यात पालखी नाचवणारा गडी, आठवड्याच्या तापात संपला. त्या दिवशी माधूने दवाखान्याच्या फाटकाला लाथ घातली आणि शपथ घेतली, इथे पुन्हा पाय ठेवणार नाही.

“तिथे एक सिस्टर आणि अख्खा वॉर्ड,” माधू म्हणाला. “त्यांच्याकडे ही काय शिकणार? माणसं मारायला?”

“पहिल्या नंबरात माणसं मरत नाहीत?”

“...कमी मरत असतील.”

बुवांनी हात धुतले. जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या पाषाणाला चिकटवल्या.

“उजवी शहराची,” माधू घाईने म्हणाला. “डावी इथली. आधी पडेल ती खरी.”

“नियम तूच कर. देव काय, आपला घरचाच.”

मग त्यांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, ही दोघं तुझ्या दारात आलीत. एकाला घाई आहे, एक गप्प आहे. दोघांचं काय ते बघ.”

“होय म्हाराजा,” माधू म्हणाला. जरा मोठ्यानेच.

पाकळ्या हलेनात. माधू श्वास धरून बघत राहिला. पाषाणावरून पाण्याचा एक थेंब ओघळला...

उजवी पाकळी घसरली आणि पडली.

माधूला हसू आलं. भाई गेल्यापासूनचं पहिलंच. “बघ. देवानेच सांगितलं. आता तुझं काही चालायचं नाही.”

“दिला कौल,” बुवा म्हणाले. “वैजू शहरात जाईल.”

मग ते तिच्याकडे वळले. “बाय, मग नऊ नंबरला पेज कोण नेणार?”

माधूला वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं.

नऊ नंबरची खाट भाईची होती.

“पेज तू बुवांना आणतेस ना?”

“बुवांना मी कधी पेज दिली?” वैजू खाली बघत म्हणाली. “बसप्पा म्हणून आहेत. चिरेखाणीवर होते, पायावर चिरा पडला. गाव लांब कर्नाटकात. जवळ कुणी नाही. औषधांनी तोंड आलंय, पेजच तेवढी गिळतात.”

“भाईच्या खाटेवर?”

“हो.”

“भाईच्या खाटेवर दुसरा माणूस घातला? कधी?”

वैजूने डब्याचं झाकण दाबून बसवलं.

“कधी, वैजू?”

“त्याच दुपारी.”

माधूने खांबाला हात टेकला. त्याच्या डोक्यात ती खाट अजून तशीच होती. उशीवर भाईच्या डोक्याचा खळगा, पायाशी गोळा झालेली चादर. कोणी तिला हात लावला असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

“तुम्ही भाईला गाडीत ठेवत होता,” वैजू म्हणाली. “हे बसप्पा दारात स्ट्रेचरवर होते, कण्हत होते. सिस्टर एकट्याच गादी पुसत होत्या. मग... चादरीचं दुसरं टोक मी धरलं.”

त्या दिवशी गाडीतून त्याने तिला हाकांवर हाका मारल्या होत्या. ती उशिरा आली. हात ओले होते. डोळे धुऊन आली असेल, असं त्याला वाटलं होतं.

“तू रडत नव्हतीस?”

“नंतर रडले.”



“म्हणून इथलंच बरं म्हणत होतीस?”

“मी गेले तर त्यांना कोण, दादा?”

माधूने बुवांकडे पाहिलं. ते पखवाजावरची कणीक चाचपत होते, जणू तिथे दुसरं कोणी नव्हतंच.

“माझ्याकडे बघू नका,” तो म्हणाला. “मी त्या फाटकातून आत जाणार नाही. भाईची शपथ आहे.”

“मी कुठे बघतोय?”

“ती शहरात जाऊ दे. त्यांचं कोणीतरी बघेल...”

“कोण?”

 

बुवा उठले. पाषाणापाशी गेले. डावी पाकळी अजून चिकटून होती. त्यांनी ती नखाने सोडवली.

माधू दचकला. कौलाच्या पाकळीला माणसाने हात लावायचा नसतो, हे बुवांनीच त्याला लहानपणी बोटांवर छडी मारून शिकवलं होतं.

बुवांनी वैजूच्या मांडीवरचा डबा उचलला, पाकळी झाकणावर ठेवली आणि डबा माधूच्या हातात दिला. तळ अजून ऊन होता.

“तिची पडली,” ते म्हणाले. “ही तुझी... नीघ आता, पेज निवते.”