तळघराचं वेगळं दार

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कोणाला आठवत नाही. माणसांची नावं मला ठाऊक आहेत, पण सांगणार नाही. सांगितली की तुम्ही म्हणाल, हे तर दुसरेच कोणीतरी, आपला काय संबंध! तेव्हा पोरांनो, ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्त कान देऊन ऐका.

डोंगराच्या कुशीत विणकरांचं एक गाव होतं. तिथे प्रत्येक घराला तळघर आणि तळघरात माग. वरच्या कोरड्या हवेत बारीक सूत तटातट तुटतं, खालच्या ओलाव्यात ते नरम राहतं, म्हणून ही व्यवस्था. तळघरात उतरायचा जिना स्वयंपाकघरातून असायचा. दुसरी वाट नाही.

त्या गावची एक रीत होती. जेवायच्या वेळी घरची बाई जिन्याच्या तोंडाशी वाकून हाक मारायची, "वर या हो!" खालून "आलो!" असं उत्तर आलं, की मगच पहिली भाकरी मोडायची. खाली कधी साप निघायचा, कधी दिव्याचा धूर कोंडायचा. उत्तर आलं नाही, तर ताटं तशीच टाकून सगळे खाली धावायचे.

अशाच एका घरात दोन भाऊ राहायचे. थोरला लुगडी विकायचा, धाकटा ती विणायचा. धाकट्याचं लग्न झालेलं नव्हतं. वहिनीची हाक आली की तो हात पुसत वर यायचा, भावाशेजारी बसायचा, आज काठावर कोणती वेल धरली ते सांगत चार घास जास्तच खायचा.

त्याच्या हाताला तोड नव्हती. लुगड्यांची कीर्ती राजधानीपर्यंत गेली आणि एक दिवस राजवाड्याचा कारभारी घरी आला. पानं मांडली होती. तेवढ्यात हाक ऐकून धाकटा वर आला. कपाळाला घाम, कोपरापर्यंत सुताला लावायची खळ वाळलेली, अंगाला आंबूस वास. कारभाऱ्याने नाकाला उपरणं लावलं.

"हा कोण?" त्याने विचारलं.

थोरल्याने त्या उपरण्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "कारागीर आहे आमचा."

धाकट्याने ते ऐकलं. तो पुन्हा खाली गेला. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि थोरल्याने त्याला बोलावलंही नाही. भावाला भाऊ म्हणायची लाज वाटते, काय म्हणावं या माणसाला!

पाहुणा गेल्यावर थोरला गोड आवाजात म्हणाला, "अरे, तुझ्या सोयीचंच बघतोय. मागच्या बाजूने डोंगर खोदून तळघराला वेगळं दार काढू. येशील-जाशील तुझ्या मर्जीने. कोणाची आडकाठी नाही."

धाकटा म्हणाला, "दादा, मला कुठे जायचं असतं? मला वरच तर यायचं असतं."

पण थोरल्याच्या मनाने घेतलं होतं. डोंगराचा उतार कापला, दार बसलं, दाराशेजारी हवेसाठी झरोकाही ठेवला. मग थोरल्याने आतल्या जिन्याच्या तोंडावर फरशी घातली आणि फरशीवर धान्याची भरलेली कणगी आणून ठेवली.

वहिनी कळवळून म्हणाली, "अहो, मग हाक कुठून मारायची?"

"हाक कशाला? तो काय कुक्कुलं बाळ आहे?"

सुरुवातीला वहिनी घराला वळसा घालून त्याचं ताट पोचवायची. मग कधी घाई असायची, कधी पाहुणे. शेवटी धाकट्यानेच सांगितलं, "वहिनी, नका दमू. मी मांडतो माझी चूल." तिला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. त्या दिवसापासून वर भाकरी मोडताना कोणाच्या उत्तराची वाट बघायची गरज उरली नाही.

खालून मागाचा ठोका तेवढा ऐकू यायचा. खट, खट, खट. थोरला म्हणायचा, "चाललंय त्याचं बरं."

मग श्रावणात झड लागली. पाऊस उघडायचं नाव घेईना. अशात कारभारी पुन्हा आला. राजकन्येच्या लग्नाची लुगडी हवी होती. थोरल्याला आभाळ ठेंगणं झालं. पुरण शिजलं, पानं वाढली गेली. त्याच सुमारास मागच्या बाजूला कापलेला डोंगर खचला. पावसाच्या आवाजात वर कोणाला काही कळलं नाही. दार गाडलं गेलं, झरोका बुजला आणि फळ्या फोडून चिखल आत शिरू लागला.

वर जेवणं चालली होती. खालून आवाज येऊ लागला. खट. खट-खट. खट.

कारभारी हसून म्हणाला, "एवढ्या पावसातही काम थांबत नाही वाटतं?"

"ऐकताय ना? हात थांबायचा नाही त्याचा!" थोरला छाती फुगवून म्हणाला.

वहिनीने वाढता वाढता कान दिला. "अहो, आजचा ठोका नेहमीसारखा नाही. मधेच अडतोय, मधेच घाई करतोय."

"तुला काय कळतंय त्यातलं? नवा काठ घातला असेल. पाहुण्यांना तूप वाढ."

तिने तूप वाढलं. काय सांगू तुम्हाला, तिने भांडं खाली ठेवून एकदा मागे जाऊन बघितलं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. आवाज आधी जोरात झाला, मग हळू, मग थांबला.

"बसला असेल जेवायला," थोरला म्हणाला आणि त्याने आणखी एक पोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्याचं काम सांगायला थोरला मागे गेला. तिथे दार नव्हतंच. नुसता चिखल आणि दगड. तो ओरडत आत धावला, कणगी ढकलून पाडली, धान्य घरभर पसरलं. नवरा-बायकोने नखं तुटेपर्यंत जोर लावून फरशी उचलली.

धाकटा सगळ्यात वरच्या पायरीवर होता. चिखल त्याच्या छातीपर्यंत आला होता. डोकं फरशीला टेकलेलं, हातात मागावर सूत फिरवायचा लाकडी धोटा, आणि धोट्याचं टोक ठोकून ठोकून फुटलेलं.

"वर ये रे!" थोरल्याने हंबरडा फोडला. "वर ये, माझ्या भावा!"

राजकन्येची लुगडी कोणी विणली नाहीत. थोरल्याने चिखल उपसून मागच्या दाराची जागा दगडांनी बुजवली आणि जिन्याचं तोंड कायमचं उघडं ठेवलं. जेवायच्या वेळी आता तो स्वतःच वाकून हाक मारायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचा. भाकरी गार व्हायची, तरी तो मोडायचा नाही. बायको रडून, हातापाया पडून दोन घास भरवायची. पुढे तेही त्याच्या घशाखाली उतरेनात. असाच एका दुपारी, न मोडलेल्या भाकरीसमोर बसल्या बसल्या तो गेला.

म्हणून सांगतो: आपल्या माणसाला वेगळी वाट काढून देण्याआधी, संकटात त्याची हाक आपल्यापर्यंत कुठून पोचेल ते बघावं.