निम्म्या वाटेवरचा वेल

आमच्या पाड्यावरून डोंगराईच्या देवळाकडे चढू लागलं, की निम्म्या वाटेवर हा सपाट धोंडा लागतो. त्याच्या अंगाला ऐनाचं जुनं झाड आहे आणि ऐनावर चढलेला करांद्याचा वेल. करांदा म्हणजे रानातला कंद. पाहुणे विचारतात, या वेलाचा करांदा काढणारा माणूस एकच का काढतो? त्याची गोष्ट आमच्या म्हाताऱ्यांनी सांगितली ती अशी. दमला असाल तर बसा धोंड्यावर. मनाई नाही. तो बसण्यासाठीच आहे.

फार मागे सलग तीन वर्षं पाऊस झाला नाही, असं सांगतात. नाचणी संपली, बियाणंही खाऊन झालं. दाराला काटेरी फांदी लावून एकेक घर घाट उतरलं. नवशी नावाची सून तेवढी मागे राहिली, कारण तिची सासू ठमा पायांनी अधू होती. नवरा काम शोधायला गेला होता, तो परतला नव्हता. निघताना तिची जाऊ बुधी म्हणाली, "म्हातारीला देवाच्या हवाली कर अन् चल. नाहीतर बस इथंच, देव येईल ताट वाढायला!"

"देवाच्याच हवाली आहोत दोघी," नवशी म्हणाली. "मग इथं काय अन् तिथं काय."

रोज पहाटे ती खणायची काठी घेऊन डोंगर चढे. वरच्या रानात करांद्याचे वाळके वेल होते. एक कंद खणायचा, पुन्हा फुटावा म्हणून त्याचा शेंडा कापून त्याच खड्ड्यात पुरायचा, वर पाला सारायचा आणि उतरायचं. कंद कडू. झऱ्याचं पाणी तेवढं आटलं नव्हतं, त्यात राख घालून उकडावा, पाणी ओतून द्यावं, पुन्हा उकडावा. मग दोघींचं एक वेळचं होई. ठमा बोटं चाटून म्हणे, "आजचं झालं ना? मग झालं. उद्याचं त्याला ठावं."

नवशीला ते पटत होतं. पण चढायचे पाय तिचे होते.

असे किती महिने गेले, कोण जाणे. एके दिवशी या धोंड्यापाशी येताना तिला वाटलं, आता बसले तर उठायची नाही. ती बसली नाही. तशीच वर गेली आणि दिसतील तेवढे वेल खणून काढले. अकरा करांदे निघाले. शेंडे पुरायलाही ती थांबली नाही. तिच्या मनात हाव नव्हती, म्हणे. दहा दिवस हा डोंगर चढायला नको, एवढंच होतं.

सासूने टोपली चाचपली. "एवढे गं कशाला?"

"निजायचंय मला, आत्या."

एका करांद्याचा शेंडा टोपलीत ठेवून तो दोघींनी खाल्ला.

सकाळी टोपलीखाली काळं पाणी साचलेलं. उरलेले दहाच्या दहा नासले होते. शेंडे तेवढे टणक राहिले होते. आणि वरच्या रानात आता तिनेच काही ठेवलं नव्हतं. दोन दिवस दोघी पाण्यावर राहिल्या. तिसऱ्या दिवशी ठमाची जीभ जड झाली. तेव्हा नवशीने अकराही शेंडे पदरात बांधले. ज्याचे त्याला परत करावे, मग काय व्हायचं ते होवो, म्हणून ती निघाली. इथवर आली आणि तिचे पाय संपले.

या धोंड्यापाशी बसून तिने बोटांनी माती उकरली, शेंडे पुरले, वर पाला सारला. "देवा, हाव नव्हती रे मला. पाय दमले होते. आताही इथवरच येववलं." एवढं बोलून तिने धोंड्यावर डोकं टेकलं, तो तिचा डोळा लागला.

उन्हं कलताना गालाला काही गार लागलं, म्हणून ती जागी झाली. पान होतं. ऐनावर हिरवा वेल चढला होता आणि बसल्या जागी हात पोचेल एवढ्या उंचीवर एक करांदा लोंबत होता. त्याआधी करांदा मातीतच धरायचा, वेलावर धरलेला कुणी पाहिला नव्हता, असं सांगतात.

घरी आल्यावर ठमाने हात पुढे केला. "किती आणलेस?"

"एकच, आत्या."

"मग चांगला असेल."

दुसऱ्या दिवशी तिथेच एक होता. तिसऱ्या दिवशी एक. दोन कधी झाले नाहीत, आणि एकही नाही असा दिवस गेला नाही. निम्मी वाट मात्र तिला रोज चढावी लागली, तेवढी काही सुटली नाही.

पुढे पाऊस झाला, माणसं परतली. बुधी वेलाखाली येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "ताट तेवढं आणायचं राहिलं बघ त्याचं." दोघी जावा तिथेच हसल्या आणि तिथेच रडल्या, म्हणे.

आजही नवी नाचणी खाण्याआधी घरटी एक माणूस इथे येतो, एकच करांदा काढतो आणि त्याचा शेंडा इथेच पुरतो. आणि ज्याला देवळापर्यंत चढवत नाही, तो या धोंड्याला डोकं टेकून मागे फिरतो. त्याची यात्रा पुरी झाली असं धरतात. माझीही गेली चार वर्षं इथंच पुरी होते. तुम्ही जा वर, सावकाश जा. मी बसतो.