हिरवा चुडा दिसला होता

लग्नाला महिनाही झाला नव्हता, तोच दोघांच्या मोटरसायकलला टेम्पोनं मागून धडक दिली आणि रेवतीच्या नवऱ्याचा पाय मोडला. नुकसानभरपाई मिळाली तरच पुढचं ऑपरेशन होणार होतं.

कोर्टात टेम्पोच्या विमा कंपनीचे वकील कोट सावरत रेवतीला म्हणाले, "आमच्या ड्रायव्हरचं पूर्ण लक्ष होतं. तुम्ही दोघं त्याला लांबूनच दिसलात. मागे नवी नवरी, तुमच्या यजमानांचंच लक्ष कुठलं रस्त्यावर!"

कोर्टात खसखस पिकली. रेवतीनं शांतपणे विचारलं, "नक्की दिसलो ना आम्ही?"

"अगदी हिरव्या चुड्यासकट!"

"मग माझंच चुकलं. अर्जात मी निष्काळजीपणा लिहिलाय. एवढं दिसूनही धडक दिली, म्हणजे मुद्दामच की!"

वकील गडबडले. "छे छे, मुद्दाम कशाला? लक्ष नव्हतं त्याचं!"

रेवती न्यायाधीशांकडे वळली. "तेवढंच लिहून घ्या, साहेब."