सदबाची रुंद चाकं

खडकेवाडीत सदबा वाकळे नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. भोळा हा गावाचा तोंडावरचा शब्द. पाठीमागे गाव दुसरा शब्द वापरायचं, पण तो सदबाला कधी ऐकू आला नाही.

सदबाकडे वडिलांच्या वेळची एक मोटार होती. अंग जाड, चाकं बारीक. लेक वैजूचं लग्न ठरलं आणि सदबाने जाहीर केलं, "नवरदेव माझ्याच गाडीतून मांडवात येणार." मग गाडी त्या मानाने दिसायला नको? तालुक्याला रज्जाक मेस्त्रीकडे जाऊन त्याने रुंद चाकं आणि त्यांवर मोठे टायर बसवून घेतले.

"सदबाभाऊ, म्हातारीला पैलवानाचे जोडे घालताय," मेस्त्री म्हणाला.

"मग मोठ्यात मोठे घाला," सदबा म्हणाला.

गाडी ऐटीत निघाली आणि पहिल्याच वळणावर खर्र करून ओरडली. टायर मडगार्डला घासत होता. सदबा परत आला.

"घासतंय ना? मग कापायचं," म्हणत मेस्त्रीने मडगार्डची आतली कडा कापून टाकली. आवाज बंद.

घासलं की कापायचं. सदबाने मनाशी पक्कं केलं. शहाण्याला एकदाच सांगावं लागतं.

घरी त्याची बायको इंदूबाई लग्नासाठी घेतलेले नवे सँडल घालून बघत होती. "छान आहेत, पण टाचेला घासतात हो," असं म्हणून ती पाणी प्यायला आत गेली. बाहेर आली तर पट्टे एकीकडे, तळवे एकीकडे आणि कात्री सदबाच्या हातात.

"आता नाही घासणार," तो म्हणाला.

"अहो, कापतं का कुणी? नवी वस्तू आवळतेच. ती हळूहळू सैल करायची असते!"

"असं होय. आधी सांगायचं की."

दुसऱ्या दिवशी रुखवताचं सामान आणायला निघण्यापूर्वी सदबाने चारही नव्या चाकांचे नट सैल केले. हळूहळू केले, बायकोने तसंच सांगितलं होतं. कालव्याच्या उतारावर मागचं एक चाक निघालं आणि शेजारून पुढे धावलं. एवढी घाई कुणाला, म्हणून सदबाने हात बाहेर काढून त्याला पुढे जायची खूण केली. मग गाडी मागच्या अंगाने खाली बसली. चाक उसात गेलं.

मेस्त्री आला. त्याने चाक शोधून बसवलं, चारही चाकं आवळली आणि हात जोडले. "सदबाभाऊ, नवं काही बसवलं की आवळायचं! पन्नास किलोमीटर चालवायचं, थांबायचं, परत आवळायचं. हयगय केलीत तर जीव जाईल कुणाचा तरी. आणि मीटरवर विसंबू नका, मोठ्या चाकांनी ते चुकतं."

सदबा घाबरला. खरोखरच घाबरला. लग्नघरात कुणाचा जीव जाणं बरं दिसलं नसतं. बसवलं की पन्नास चालवायचं, मग आवळायचं. त्याने तीनदा म्हणून पाठ केलं.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त बारा सतराचा. जानवसा मारुतीच्या देवळात, मांडव शाळेच्या मैदानात. मध्ये अंतर चारशे पावलं. मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाला मित्रांनी उचलून पुढच्या सीटवर ठेवलं.

"नवरदेव बसवला हो!" कुणीतरी ओरडलं.

गाडी सुरू करता करता सदबाने ते ऐकलं. नवरदेव. म्हणजे नवा. आणि बसवला.

मांडव आला. बँड वाजत होता. इंदूबाई ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. गाडी तिच्यासमोरून पुढे निघून गेली.

"मामा, मांडव मागे राहिला," नवरदेव म्हणाला.

"राहू द्या, जावईबापू. अजून एकोणपन्नास आहेत."

"काय?"

"किलोमीटर."

नवरदेव शिकलेला होता. त्याने आधी मुहूर्ताचं, मग वडिलांचं, मग पोलिसांचं नाव घेतलं. सदबा बधला नाही. लेकीच्या संसाराचा प्रश्न होता, हयगय करून कसं चालेल? पन्नास झाले, तरी मीटर चुकतं म्हणून त्याने वर दहा टाकले. मग एका माळावर गाडी उभी केली, डिकीतून पाना काढला आणि नवरदेवाचं दार उघडलं.

"हलू नका हं. आवळायचंय."

नवरदेवाने पान्याकडे बघितलं, सदबाकडे बघितलं आणि दुसऱ्या दाराने जी धूम ठोकली, ती थेट समोरून येणाऱ्या कांद्याच्या टेम्पोत. त्याच टेम्पोतून तो पुढे मांडवात पोचला आणि लग्न चार वाजता लागलं. कांद्याच्या वासात लागलं, पण लागलं. तो पळाला त्या घटकेला मात्र माळावर सदबाचा फोन वाजत होता.

"अहो, कुठे आहात?" इंदूबाई रडकुंडीला आली होती. "नवरदेव कुठे आहे?"

"गेला," सदबा कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "अगं, बरं झालं मी वेळेवर तपासलं. फारच सैल बसवला होता. पाना लावायच्या आधीच निघाला!"