दिवाणांचा घोडा आणि काबुली हिंगवाला

तळकोंडी संस्थानात वरच्या सरकारचा हुकूम आला, की परवाना नसलेला परदेशी दिसताच गावच्या कोतवालाने त्याला हद्दपार करावं. दिवाण त्र्यंबकराव हुकमांचे मोठे शौकीन. रात्री त्यांचा लाडका घोडा चोरीला गेला होता, तरी सकाळी त्यांनी आधी हुकमाची दवंडी पिटवली आणि मग कोतवाल सिदोजीला बोलावलं.

"उद्यापर्यंत घोडा हजर करा, नाहीतर कोतवालाची पगडी उतरवून ठेवा!"

"सरकार, घोडा वेशीतूनच गेला असणार. वेशीत निजतो तो काबुली हिंगवाला. एरवी कुणाची कोंबडी गेली, तरी चावडीवर येऊन सांगायचा. आज दवंडी ऐकून रानात पळाला."

"मग धरून आणा!"

"आणतो की. पण धरला की हद्दपार करायचा, आपलीच दवंडी. मग साक्ष काबूलहून मागवायची का?"

दिवाणांनी हुकमाचा कागद पुन्हा उलगडला.

"लोक चावडीला भ्यायले, सरकार, तर तिथे मी एकटा उरतो. आणि मी काही चोर पाहिलेला नाही."

संध्याकाळी दुसरी दवंडी पिटली: चावडीवर काय पाहिलं ते विचारतील, कुठून आलात ते विचारणार नाहीत.

रात्री हिंगवाला चावडीवर आला. सकाळी तबेल्यात घोडा होता आणि दिवाणांच्या वरणात हिंगही.